काटा तपासणाऱ्याची साखर

चि. भाऊजींना वहिनीचे अनेक आशीर्वाद.

(धाकट्या दिराला लिहिताना सुरुवात आशीर्वादाने करायची असते म्हणून केली. ते मनापासून दिले की नाही, हे पत्र संपेपर्यंत माझं मलाच कळेल.) तुमची प्रकृती ठणठणीत असेलच, कारण तशी ती असल्याचं तुम्ही भेटेल त्याला सांगत असता. जाऊबाईंनाही आशीर्वाद, आणि त्यांना दिलेले मात्र अगदी खरे आहेत. आम्ही कसे आहोत हे विचारायचे कष्ट घेऊ नका. ते तुम्ही सगळ्या नात्यागोत्यात सांगून मोकळे झाला आहात. काल माझ्या मावशीचा फोन आला. ख्यालीखुशाली झाल्यावर आवाज खाली आणून तिने विचारलं की जावईबापूंना हल्ली दोन घोटांत चढते म्हणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मावशीला ऐकू कमी येतं, तिला कुणी काही सांगायचं तर ओरडून सांगावं लागतं. म्हणजे तुम्ही हे ओरडून सांगितलंत. फोन न करता पत्र लिहितेय ते याच कारणासाठी. फोनवर तुम्ही मध्येच हसता आणि मी दुसरं वाक्य सुरू करेपर्यंत जाऊबाईंच्या हातात फोन देऊन पसार होता. पत्र वाचताना हसलात तरी निदान मला ऐकू येणार नाही.

तर पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा, की त्या रविवारी तुमच्या दादांना चढली नव्हती. त्यांच्या रक्तातली साखर खाली गेली होती, इतकी की ते आपल्यातून जायचेच बाकी होते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. माणूस अडखळत बोलतो, भलत्याच गोष्टीवर हट्ट धरतो, हात थरथरतात. म्हणून तर हा आजार असलेल्या माणसाने दारूच्या बैठकीत बसायचं नसतं, कारण तिथे त्याच्या मदतीला जे धावून येतात ते आधी हसतात. तुम्ही तर धावूनही आला नाहीत, बसल्या जागेवरून हसलात.

आता थोडं मागचं सांगते. (तुम्हाला ठाऊक आहे, पण कानावर पडलं तेव्हा तुम्ही ते ऐकलेलं नाही.) यांना मधुमेह आहे तो जुना. मध्यंतरी पोटाची सोनोग्राफी झाली आणि लिव्हरवर चरबी साचल्याचं निघालं. आमच्या डॉक्टरीणबाई आवाजाने गोड, बोलण्याने कात्री. त्यांनी समोर बसवून सांगितलं की साखर आणि लिव्हर ही दोन वेगळी दुखणी समजू नका, दोघं एकमेकांना बिघडवतात. पोट सुटलं की लिव्हरवर चरबी येते, चरबी आली की साखर आवरत नाही, आणि त्यात वर दारू ओतली की लिव्हर निबर होत जातं आणि एकदा निबर झालं की पुन्हा मऊ करणं कठीण. थोडं वजन उतरवा, तळलेलं आणि गोड कमी करा, रोज चाला, वेळेवर जेवा, आणि दारूचं नाव काढू नका. यांनी विचारलं, लिव्हर धडधाकट असलेल्यांना तरी चालते का. (चौकशी किती निरागस.) त्या म्हणाल्या, काहींना थोडी, भरल्या पोटी, डॉक्टरला विचारून. तुमचं लिव्हर त्यांतलं नाही. हे मुकाट घरी आले आणि मुकाट सगळं पाळू लागले. मी मनात म्हटलं, चला, सुटलो.

आणि तुम्ही आलात. भाऊजी, तुम्ही ड्रायव्हिंग स्कूल चालवता. क्लच कुठे असतो हे सांगायला मी कधी तुमच्याकडे आले नाही. पण तुम्ही आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून तास घेतलात. दारूत साखर नसते, सबब मधुमेहाच्या माणसाला फळांच्या रसापेक्षा दारू बरी. घ्यायची असेल त्या दिवशी जेवण कापायचं, म्हणजे इकडून आलं ते तिकडून गेलं. आणि लिव्हरची काळजी असेल तर हे घे, म्हणून एक हिरवी बाटली काढलीत, लिव्हर आतून धुऊन काढणारं सरबत, सकाळ-संध्याकाळ दोन चमचे. (लिव्हर म्हणजे तुमच्या गाडीची काच वाटली काय.) मग शर्ट वर करून पट्ट्याला पाडलेली नवी भोकं दाखवलीत. पथ्य नाही, चालणं नाही, रोज संध्याकाळी बैठक, तरी मी बघ कसा सडपातळ झालो, आणि दादा गवत खाऊन आहे तिथेच. बोलता बोलता आमच्या टेबलावरचा पाण्याचा जग तुम्ही एकट्याने रिकामा केलात आणि दुसरा मागवलात. भाषणाने घसा सुकतो, हे मी समजू शकते. तुमच्या दादांचा चेहरा मात्र मी बघत होते. शाळेत मागच्या बाकावरच्या पोराला कुणी तरी परीक्षा पुढे ढकलल्याचं सांगावं तसा तो उजळला होता.

मग तुमची नवी शिकाऊ गाडी आली आणि रविवारी दुपारी आम्हाला जेवायला बोलावणं आलं. सकाळी यांनी गोळी घेतली. ती गोळी साखर खाली आणते, आणि ती घेतली की वेळेवर खायचं असतं, हे मला ठाऊक आहे, यांना ठाऊक आहे, गोळीच्या पाकिटालासुद्धा ठाऊक असेल. मी अंडी उकडून पुढे ठेवली. यांनी ती मागे सारली. दुपारी भावाकडे जेवण आहे, पोटात जागा ठेवतो म्हणाले. खरं कारण तुमचा तो हिशेब होता, घ्यायची त्या दिवशी जेवण कापायचं. मी दोनदा बोलले, तिसऱ्यांदा बोलले असते तर भांडण होऊन तुमच्याकडे यायला उशीर झाला असता, म्हणून बोलले नाही. तुमच्याकडे आल्यावर आम्ही दोघी जावा स्वयंपाकघरात मासे तळत होतो आणि तुम्ही दोघे भाऊ गच्चीलगतच्या खोलीत. भात व्हायला वेळ लागत होता, कारण तुमच्या शेगडीची एक चूल बंद आहे. (ती तुम्ही दुरुस्त करून घेणार होता, हे जाऊबाई आता सांगायच्याही थांबल्या आहेत.) तेवढ्या वेळात तिकडे काय काय ओतलं गेलं ते मला नंतर ग्लासांवरून कळलं.

आणि इथे तुमच्या दादांचा धंदा आडवा आला. दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याने हे केलं नसतं, हे मी लिहून देते. आमच्या घरात खिडकीजवळ त्यांचं कामाचं टेबल आहे, त्यावर दुकानदारांचे बिघडलेले वजनकाटे आणि मखमली खाचांच्या पेटीत पितळी वजनं. त्या वजनांना ते उघड्या हाताने शिवत नाहीत, चिमट्याने उचलतात, कारण बोटाचा घाम लागला तरी वजन बदलतं. धंद्याचा पहिला नियम असा, की आकडा विचित्र आला तर माल चुकलाय म्हणायचं नाही, आधी काटा चुकलाय असं धरायचं. या नियमापायी त्यांनी दवाखान्यातल्या वजनकाट्यालासुद्धा नापास केलं होतं, आणि आहार सांगणाऱ्या बाईंना काट्याचा पाय कसा सरळ करावा ते शिकवून आले होते. साखर बघायचं घरचं मशीन तर त्यांच्या मनातून कधीच उतरलं होतं. ज्या यंत्राला पाठीमागे स्क्रू नाही, त्यावर विश्वास कसा ठेवायचा, असं त्यांचं म्हणणं.

तर बसल्या जागी यांना घाम सुटला, हात कापायला लागले. मी पिशवीत मशीन दिलेलं होतं. यांनी बोट टोचून पाहिलं तर आकडा पन्नासच्या खाली. एवढ्यावर कुठल्याही शहाण्या माणसाने साखर खाल्ली असती. यांनी जाहीर केलं की मशीनचं शून्य जुळत नाही. काटा तपासायचा तर वेगवेगळी वजनं ठेवून बघतात, एकाच वजनाने कळत नाही. मग तुमचं बोट पुढे ओढलं. (सुई मात्र नवी घेतली. शुद्ध हरपत होती, शिस्त नाही.) तुमचा आकडा आला तीनशेच्या वर. यावर तुम्ही किती हसलात ते मला फोडणीच्या आवाजातूनही ऐकू आलं. एक भाऊ तळघरात, एक भाऊ गच्चीवर, मशीन गेलं भंगारात, असं काहीसं तुम्ही ओरडत होतात. यांना अर्थातच आपलं म्हणणं सिद्ध झाल्यासारखं वाटलं. तिसरं वजन म्हणून मला हाक मारली.

मी पदराला हात पुसत आले. माझा आकडा शंभराच्या जवळ, म्हणजे चारचौघींसारखा. हे मशीनकडे रागाने बघत होते आणि मी यांच्याकडे. डोक्यावर पंखा गरगरत होता आणि शर्ट पाठीला चिकटून ओलाचिंब. पितळेवरच्या घामाच्या एका थेंबाची ज्या माणसाला एवढी पर्वा, त्याला स्वतःचा शर्ट भिजलेला कळला नाही. तुम्हाला विचारलं तर म्हणालात, "वहिनी, चढलीय त्याला, लिंबू द्या आणि झोपू द्या." भाऊजी, झोपू द्या हे तुमचे दोन शब्द मी अजून रोज ऐकते. आहार सांगणाऱ्या बाईंनी मला बजावून ठेवलं होतं की घाम, थरथर आणि तिरसट बोलणं दिसलं की आधी साखर, मग प्रश्न, आणि गिळता येत असेल तोवरच तोंडावाटे. मी धावत जाऊन साखरेचं पाणी करून आणलं. आणि या सद्गृहस्थांनी तोंड फिरवलं. साखर मला बंद आहे, तूच बंद केलीस, असं जीभ जड झालेली असताना स्पष्ट सांगितलं. इतकी वर्षं चोरून बिस्किटं खाणारा माणूस, आणि पथ्य पाळायला मुहूर्त कुठला काढला बघा.

शेवटी मी यांच्याच भाषेत बोलले. म्हटलं, अहो, काटा तपासायला माहीत असलेलं वजन लागतं की नाही. हे मोजून तीन चमचे साखर घातलेलं पाणी आहे. हे आत टाकू आणि आकडा हलतो का बघू. नाही हलला तर मशीन फेकून देऊ. यावर त्यांनी क्षणभर विचार केला, मान डोलावली, आणि ग्लास दोन्ही हातांनी धरून प्यायले. अर्धं सांडलं. आयुष्यात मी यांना हजार गोष्टी पटवल्या नसतील, पण ही एक पटली. मात्र ग्लास ठेवताना त्यांचे डोळे मिटायला लागले, आणि मी जाऊबाईंना हाक मारली की गाडी काढा.

त्या प्रवासाबद्दल तुम्ही कुणालाही काही सांगितलेलं नाही, म्हणून मी सांगते. तुम्ही प्यायलेले, सबब जाऊबाई चालवायला बसल्या. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाची बायको, परवाना असलेली, पण तुला नवी गाडी झेपायची नाही असं तुम्ही तिला बजावलेलं. मी मागे यांचं डोकं खांद्यावर घेऊन, आणि पुढे तुम्ही, बरोबर शिक्षकाच्या जागेवर, जिथे पायाखाली दुसरा ब्रेक असतो. आणि तुम्ही तो दाबत राहिलात. समोर सायकल दिसली की दाबला, कुत्रं दिसलं की दाबला, रस्ता मोकळा दिसला तर आपण कुठे आहोत हे आठवायला दाबला. दर वेळी यांचं डोकं पुढच्या सीटवर आपटायला जायचं आणि मी हात मध्ये घालायची. जाऊबाई एरवी किती हळू बोलतात. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "पाय वर घ्या, नाहीतर उतरवीन." तुम्ही पाय वर घेतलात, मांडी घातलीत, आणि पुढच्याच वळणावर गाडी थांबवा म्हणालात, कारण तुम्हाला लघवीला लागली होती. मागे माझा माणूस गार पडत चाललाय आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभे. बरं, एकदा नाही. दवाखान्याच्या फाटकाशी पुन्हा. तेव्हा माझ्या मनात जे शब्द आले ते या पत्रात लिहिले तर पोस्टमनही घेणार नाही.

दवाखान्यात शिरेतून साखर दिल्यावर हे हळूहळू माणसांत आले. त्यांचं पहिलं वाक्य, मी कुठे आहे, असं नव्हतं. मशीनचा आकडा इथल्या तपासणीशी ताडून बघा, हे होतं. रात्रभर ठेवून घेतलं, कारण दारूचा अंमल असेपर्यंत साखर पुन्हा घसरू शकते. डॉक्टरीणबाईंनी सकाळी येऊन समजावलं. लिव्हरच्या कमरेला कोठीची किल्ली असते. आपण उपाशी असलो की लिव्हर कोठी उघडून साठवलेली साखर वाटतं. पण दारू आली की ते हातातलं काम टाकून तिला निस्तरायला बसतं, आणि कोठीला कुलूप. वरून गोळी साखर उतरवतेय, खालून जेवण नाही, आणि कोठी बंद. दारूत साखर नसते हे तुमचं वाक्य अगदी खरं आहे, भाऊजी. नसते म्हणूनच तर ती पिऊन त्यांची साखर सावरली नाही.

मी घाबरले होते. रागाच्या भरात हे लिहायचं राहू नये म्हणून सरळ लिहिते. बाहेरच्या बाकावर बसून मी उकडलेल्या अंड्यांचा विचार करत होते, की तिसऱ्यांदा बोलायला काय झालं होतं मला. तुम्ही शेजारी बसून बाटलीभर पाणी प्यायलात आणि दादा कसा मजेशीर बोलत होता ते नर्सला सांगितलंत. त्या क्षणापासून मी तुमच्यावर चिडले आहे, आणि मावशीच्या फोनने त्यात तेल ओतलं.

यांची तब्येत आता बरी आहे. वेळेवर जेवतात, चालतात, दारू सोडली आहे, निदान मला तरी तसं सांगतात, आणि आकडेही तसंच सांगतात. ते मशीन हल्ली वजनांच्या पेटीत, मखमलीवर ठेवलं जातं. दवाखान्याच्या तपासणीशी त्याचा आकडा जुळला, तेव्हा यांनीच एक खाच त्याच्यासाठी रिकामी केली. तुम्ही मावशीला फोन करून खरं काय ते सांगा, ओरडून सांगा. शेवटी कळावे असं लिहितात. तुम्हाला कळेल, ही आशा मी अजून सोडलेली नाही. लोभाचं सध्या राहू द्या.

तुमची, रागावलेली,
वहिनी

ता. क. तुमची हिरवी बाटली या पत्राबरोबर परत पाठवली आहे. डॉक्टरीणबाईंनी तिच्यावरचा बारीक मजकूर भिंगाने वाचला. लिव्हर धुतं की नाही ते त्यात कुठे सापडलं नाही, साखर मात्र पहिल्याच ओळीत सापडली.

आणखी ता. क. गाडी जाऊबाईंना रोज चालवू द्या. त्या तुमच्यापेक्षा बऱ्या चालवतात, आणि चुलीचं काम त्याच करून आणतील.

शेवटचं ता. क. ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते अजून लिहिलेलंच नाही. दवाखान्यातून घरी येताना हे खिडकीबाहेर बघत होते. मी विचारलं, काय झालं. म्हणाले, "मशीन पास झालं. काटा माझ्या बोटाला खरा आणि त्याच्या बोटाला खोटा, असं नसतं." एवढं बोलून पुन्हा बाहेर बघायला लागले. मग मला तुमचा तीनशेच्या वरचा आकडा आठवला, तुमच्या पट्ट्याची भोकं आठवली, आमचा पाण्याचा जग आठवला, आणि ती भिंत. मी त्या सगळ्यावर चिडून बसले होते. तुम्ही म्हणाल, बोटाला गोड काहीतरी लागलं असेल. लागलं असेल, डॉक्टरीणबाईही तसं म्हणाल्या, म्हणून तर हात धुऊन नीट तपासायचं, आणि लिव्हरचंही बघायचं. येत्या मंगळवारी सकाळी उपाशीपोटी या, आदल्या संध्याकाळी बैठक नको. त्याआधी उलट्या झाल्या, पोट दुखलं किंवा श्वास जड वाटला तर मंगळवारची वाट बघू नका, तडक दवाखाना गाठा. तुमचे दादा बरोबर येणार आहेत, आणि तपासणीनंतर तुमच्यापुढे अंडी मी ठेवणार आहे. मला दोघांनाही धरायचं आहे आणि हात दोनच आहेत, तेव्हा ऐका. गाडी जाऊबाईंना चालवू द्या. तुम्ही शेजारी बसा, आणि पाय वर घेऊन बसा.